मूठ सुटण्याआधी

गॅलरीच्या कठड्याशी उभ्या दिगंबररावांच्या यांत्रिक हातांत बीप वाजली आणि दोन्ही हात जागच्या जागी थिजले. त्या हातांत चार महिन्यांची नात होती.

स्वयंपाकघरात सुनेनं, हेमांगीनं, ती बीप ओळखली. या हातांचा प्रोग्रॅम कारखान्यात तिनंच लिहिला होता. बिघाड झाला की दहा सेकंद थांबायचं आणि मूठ सोडून द्यायची, म्हणजे पकडीत कुणी चेंगरायला नको.

"बाबा, मागे सरका! खाली बसा, आडवे व्हा!" ती ओरडत धावली.

दिगंबरराव धपकन बसले आणि पाठीवर कलंडले. खट्कन बोटं उघडली. बाळ त्यांच्या छातीवर पडलं आणि रडायला लागलं.

"आधी तिला उचल," ते धापा टाकत म्हणाले, "मला धरता येत नाहीये गं."