घरटं नाही

नवा रस्ता वाळवंटातून जाणार होता. त्याआधी तिथले पक्षी मोजून अहवाल लिहायचं काम माझं. एका झुडपाच्या सावलीत चंडोलाचं घरटं सापडलं. मादीने चोचीने खडे आणून भोवती कट्टा रचलेला, आत तीन अंडी. मी इंजिनियरसाहेबांना बोलावलं.

"साहेब, हे लिहिलं तर पिल्लं उडेपर्यंत काम बंद."

"अरे, घरटं आहे तर 'नाही' कसं लिहिणार? खोटेपणा मला अजिबात खपत नाही."

माझा जीव भांड्यात पडला.

साहेबांनी घरट्यावर बूट ठेवला आणि विडी विझवावी तसा फिरवला. मग बुटाच्या तळाचा बलक झुडपाला पुसला.

"शी! हं, लिही आता. घरटं नाही."

मी लिहिलं. सहीसुद्धा नेहमीसारखीच आली.