मागची डावी बाजू

पाम बीच रोड सोडून गाडी नेरूळच्या आतल्या रस्त्याला लागली, पहिला स्पीडब्रेकर आला आणि दिलीपरावांनी श्वास रोखून धरला.

खडक्-खट्.

"आला," शेजारच्या सीटवरून नंदिनीताई म्हणाल्या. "तुमचा पाहुणा."

गाडी घरी आणली त्या दिवसापासून हा आवाज मागून कुठूनतरी येत होता. रस्ता सरळ असला की गप्प, खड्डा आला की खडक्-खट्. दिलीपरावांचा सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेला. गाडी चालवायला शिकले तेही निवृत्तीनंतर, बायकोच्या गुडघ्यांना स्टेशनचे जिने झेपेनात म्हणून. त्यामुळे आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हाच त्यांनी मनाशी निकाल लावून टाकला, की आपणच काहीतरी मोडलं.

कारण घेताना गाडी अगदी मुकी होती. सीवूड्सच्या रणजीत नावाच्या तरुणाकडून त्यांनी ती घेतली होती. वडील गेले, आता वापरणारं कोणी नाही, म्हणून विकतोय, असं तो म्हणाला. चक्कर मारायला निघाले तेवढ्यात त्याची आई, सुमित्राबाई, खाली आली.

"शेवटचं एकदा बसू दे रं," एवढंच ती लेकाला म्हणाली.

तिला मागच्या दाराचा खटका सापडेना. दिलीपरावांनी उतरून दार उघडून दिलं. नवरा होता तोवर तोच उघडून देत असणार, असं त्यांच्या मनात आलं. ती मागे डावीकडे बसली आणि सगळा वेळ पदराने डोळे टिपत राहिली. "फुलासारखी जपली हो ह्यांनी," म्हणाली. "उरणकडं माझी बहीण असती. दर दिवाळीला ह्याच गाडीनं जायचो."

घासाघीस कशी करायची ते नंदिनीताईंनी घोकून घेतलं होतं. त्यातलं एक वाक्यही दिलीपरावांच्या तोंडून फुटलं नाही. उलट उतरताना ते शब्द देऊन बसले, "काकू, यंदाही याच गाडीने बहिणीकडे जायचं. मी नेईन तुम्हाला."

दिवाळी आता तोंडावर आली होती.

"एक फोन करा ना त्यांना," नंदिनीताई म्हणाल्या.

"कोणत्या तोंडाने? त्या माणसाने इतकी वर्षं जपली, आणि माझ्या हातात आल्याबरोबर... हा खडखडाट ऐकून काय वाटेल काकूंना?"

"अहो, गाडी घेतलीत की कोणाची लेक करून आणलीत? माहेरी न्यायला एवढे घाबरताय ते!"

दिलीपराव कसनुसं हसले. त्यांना खरंच तसंच वाटत होतं.

रबाळ्याच्या गॅरेजमध्ये हिरामण मेकॅनिकने आधी पुढचे लिंक रॉड बदलले होते. आवाज तसाच. मग मागचे ब्रेक उघडून साफ केले. आवाज तसाच. दिलीपराव पुन्हा येऊन उभे राहिले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

"काका, चला. मला ऐकवा एकदा नीट."

तो पुढे बसला. समोरच्या कंपनीच्या गेटाजवळच्या खड्ड्यात खडक्-खट् झालं.

"मागूनच येतोय. थांबा, मी मागं बसतो."

तो मागे डावीकडे बसला. तोच खड्डा, पण काही नाही. दिलीपरावांनी गाडी फिरवून आणली. तरीही काही नाही. हिरामण पुन्हा पुढे येऊन बसला. खडक्-खट्.

"च्यायला!"

"माझ्याच चालवण्यात काही..." दिलीपराव पुटपुटले.

"काका, टेन्शन नका घेऊ. गाडी आहे, दहावीची परीक्षा नाय."

गाडी जॅकवर चढली. दिलीपराव स्टुलावर बसून राहिले. मांडीवर पुस्तक होतं, पण पान उलटलं जात नव्हतं. बऱ्याच वेळाने हिरामणने काळं, चेपलेलं एक रबर त्यांच्यासमोर धरलं.

"डाव्या शॉकअपचं वरचं बुश. पार भुगा झालाय. मागची सीट रिकामी असली की आपटतं. वर कोणी बसलं की वजनानं दबून राहतं, मग आवाज नाय."

"म्हणजे मी खड्ड्यात जोरात घातली असेल."

"छ्या! हे जुनं दुखणं आहे काका. तुमच्या आधीचं."

बिचारा आपलं मन राखतोय, असं दिलीपरावांना वाटलं.

नवं बुश बसलं. परतताना ते मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून गेले. गाडी मुकी होती. इतक्या दिवसांचा शीण अंगातून एकदम उतरल्यासारखा झाला. फोनवर बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी फोन केलाच नाही. वाटेत काकूंच्या बहिणीसाठी म्हणून पेढे घेतले, मागची सीट रुमालाने पुसली, आणि थेट सीवूड्सला जाऊन रणजीतच्या सोसायटीसमोर रस्त्यापलीकडे गाडी उभी केली.

गेटाशी रणजीत उभाच होता. त्याच्यापुढे एक लाल गाडी होती आणि एक तरुण जोडपं. तरुण कौतुकाने बॉनेटवरून हात फिरवत होता. दिलीपरावांनी काच खाली केली. हाक मारावी की थांबावं, ते ठरेना.

तेवढ्यात सुमित्राबाई जिना उतरून आली.

"शेवटचं एकदा बसू दे रं," ती लेकाला म्हणाली.

तिला मागच्या दाराचा खटका सापडेना. तो तरुण लगबगीने पुढे झाला आणि त्याने तिला दार उघडून दिलं.