निवड समितीसमोर नंदीबैल

त्र्यंबक करंदीकरांनी गुळाचा खडा मधल्या टोपलीखाली ठेवला, उरलेले खडे कोटाच्या खिशात टाकले आणि चेहरा दगडासारखा केला. मग मुद्दाम उजवीकडच्या टोपलीकडे पाहत राहिले. निवड समितीच्या अध्यक्षाला एक बैल फसवता येत नसेल, तर मग काय उपयोग?

"सोडा," ते म्हणाले.

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या नंदीवाल्या गुणाजीने दोर सोडला. अंगावर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, कपाळावर आरशांची पट्टी अशा थाटात नंदीबैल मान खाली घालून सावकाश निघाला. उजवी टोपली त्याने ओलांडली. मधलीपाशी थांबला आणि नाकाने ती उलटी केली.

शीळफाट्याजवळच्या त्या प्राणी-वर्तन संशोधन केंद्रात कायमची एकच जागा निघालेली. उमेदवार दोन. एक सुश्रुत, ज्याने उमेदीची वर्षं नंदीबैलांच्या मागे फिरण्यात घालवलेली. नंदी होकार-नकार कुठून आणतो, हे तो अभ्यासायचा. लोक हसायचे, तो हसायचा नाही. आज मुलाखतीत तो तेच करून दाखवत होता. दुसरा सलिल. तो त्र्यंबकरावांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता, पण हे त्याच्या अर्जात कुठे लिहिलेलं नव्हतं.

जागा सलिललाच द्यायची हे त्र्यंबकरावांनी कालच ठरवून टाकलेलं. बहिणीने तर डोंबिवलीत सोसायटीभर पेढेही वाटलेले. समितीवर बाहेरून आलेल्या मंदाकिनी प्रधान यांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं, आणि बाईंना कळलं असतं तर त्र्यंबकरावांना निवृत्तीच्या सत्काराऐवजी चौकशीला बसावं लागलं असतं.

"माणसाला वाटतं, आपण लपवलं," सुश्रुत शांतपणे म्हणाला. "लपत नाही, सर. श्वास अडकतो, मान ताठ होते. ज्याला उत्तर माहीत असतं, त्याच्या अंगावर ते उमटतंच."

"आणि हे जनावर ते वाचतं?"

"मी कशाला सांगू? तुम्हीच बघा ना."

दुसऱ्या खेपेला त्र्यंबकरावांनी खडा ठेवून पाठच फिरवली. श्वास रोखला. मनातल्या मनात शाळेत पाठ केलेली पावकी म्हटली. मागे टोपली उलटल्याचा आवाज झाला. बरोबर तीच टोपली.

आता त्यांच्या मानेवर घाम आला. गुळाचं एक ठीक आहे. पण मनातलं आणखी काय काय दिसतंय याला?

"मा... माननीय सर," सलिल मध्येच म्हणाला, "खडा कुठे आहे ते कोणालाच माहीत नसताना एकदा करून बघू या ना. खरी टेस्ट तीच."

शास्त्राच्या दृष्टीने सूचना बिनतोड होती.

"तू गप्प बस रे!" त्र्यंबकराव खेकसले. त्यांना तो बैल तिथून गेलेला हवा होता. सलिल रुसून बाहेर गेला आणि आईला फोन लावून उभा राहिला.

"अहो, थांबा जरा," मंदाकिनीबाई हसत म्हणाल्या. "लहानपणी विठ्ठलवाडीला आमच्या दारात यायचा नंदी. मलाही एक विचारू द्या. गुणाजी, विचारा बरं, ही नोकरी सुश्रुतला लागणार का?"

त्र्यंबकरावांनी हात कोटाच्या खिशात घातला आणि उरलेले खडे चाचपले. नको म्हणावं, तर तेही उत्तरच झालं असतं.

गुणाजीने एकवार सुश्रुतकडे पाहिलं आणि ढोलकं घुमवलं. "सांग रं नंदीबाबा! ह्या दादाला नोकरी लागल का?"

बैलाने डावीकडून उजवीकडे मान हलवली. नाही.

"अगंबाई! मग सलिलला?"

ढोलकं पुन्हा घुमलं, या खेपेला दुसऱ्या ठेक्यावर. बैलाने होकाराची मान अशी डोलावली की गळ्यातल्या घुंगरांनी शेड दणाणली.

गुणाजी सकाळी टेम्पोतून बैल घेऊन उतरला होता. सलिल कोण, बहीण कोण, पेढे कोणते, त्याला काय ठाऊक? या शेडमध्ये उत्तर माहीत असलेला माणूस एकच होता आणि तो पोट आत ओढून उभा होता.

मंदाकिनीबाईंचं हसू मावळलं. "हे आधीच ठरलंय का?"

होकार.

"कोणी ठरवलं?"

ढोलकं थांबलं. गुणाजीने दोर सोडून दिला. बैलाने नाक वर केलं, क्षणभर थांबला आणि वळून थेट त्र्यंबकरावांच्या दिशेने चालू लागला. ते एक पाऊल डावीकडे सरकले. बैल डावीकडे आला. ते उजवीकडे सरकले. बैलही सरकला. मागे भिंत होती. बैलाने त्यांच्या कोटाला ओलं नाक लावलं आणि तिथेच उभा राहिला. आरशांच्या पट्टीत त्र्यंबकरावांना स्वतःचे पंधरा-वीस घाबरे चेहरे दिसले. त्याखाली ते निळसर डोळे. पापणी हलत नव्हती. इतकं टक लावून बघणारं जनावर त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"करंदीकर," मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या, "हा तुमच्याकडे का आलाय?"

"चूक!" त्र्यंबकराव ओरडले. "साफ चुकलाय बैल! जागा सुश्रुतची आहे! मी आत्ता, या क्षणी जाहीर करतो. घ्या लिहून, मॅडम!"

"पण बैल चुकला, म्हणजे याचं संशोधन..."

"संशोधन अप्रतिम आहे! बैल चुकू शकतो. बैल आहे तो!"

बाईंनी लिहून घेतलं आणि सही केली. पाठोपाठ त्र्यंबकरावांनीही केली. सुश्रुतने वाकून नमस्कार केला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीसुद्धा उमटलं नाही.

सगळे पांगल्यावर त्र्यंबकराव व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. वाटून झालेल्या पेढ्यांचं बहिणीला काय सांगायचं, याचा ते विचार करत होते. खाली फाटकापाशी गुणाजी बैलाला अंगाशी धरून उभा होता. वाटेत सलिलची स्कूटर आडवी लावलेली.

"ओ दादा, तेवढी गाडी बाजूला घ्या की," गुणाजी म्हणाला.

सलिल आधीच वैतागलेला. "एवढी जागा आहे की बाजूने! त्याला काय दिसत नाही का?"

"न्हाई ओ," गुणाजी म्हणाला. "जल्मापासनं आंधळं हाय ते."