काडीवरचा खडा

"आधी तू सांग. काय दिसतं?" मोतीराम सरांनी काडी चांगुणाच्या हातात दिली.

काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला गोरक्षचा खडा होता. चांगुणानं तो खिडकीच्या उजेडात फिरवला. "एक पैलू मोठा झालाय, सर. अन् कडेला ओरखडा हाय."

सरांनी काडी परत घेतली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ खडा उजेडात धरला. मग कडाडले, "गोरक्ष, एवढा ओरखडा दिसला नाही? डोळे घरी ठेवून आलास का?"

गोरक्ष पुन्हा खडे घासायच्या साणेवर जाऊन बसला.

दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. नाशिकच्या त्या व्यवसाय शाळेत खड्यांना पैलू पाडायला शिकवणारे मोतीराम सर म्हणजे नावाजलेले कारागीर. पूर्वी स्वतः साणेवर बसून दाखवायचे. आता म्हणायचे, "माझं बघून किती दिवस शिकणार? करा, चुका." चांगुणाला मात्र साणेवर बसूच देत नसत. बाकीचे खडे घासत, ही सरांशेजारी स्टुलावर. सगळ्यांचे खडे आधी हिनं बघायचे, मग सरांनी.

ही शिक्षा की कौतुक, तिला काही उमगेना. लाडकी म्हणावं, तर सर तिच्याशी दुसरं काही धड बोलत नसत. नावडती म्हणावं, तर तिच्यावाचून त्यांचं पान हलत नसे.

"मास्तरीणबाई, पास करा की आम्हाला," गोरक्ष चिडवायचा.

तिला हसू येत नसे. परीक्षा सोमवारवर आली होती आणि सर ज्याचा खडा पसंत करतील, त्यालाच बसता येणार होतं. नाहीतर परत विंचूर आणि आईबरोबर कांद्याच्या वावरात निंदणी. नुसत्या विचारानंही तिला रडू यायचं.

मग ती हट्टाला पेटली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून आपला हिरवा खडा घडवू लागली. शनिवारी तो पुरा झाला. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. असल्या गारठ्यात लाख तडकते आणि खडा सुटून पडतो, म्हणून पोरं काड्या स्वेटरखाली धरून वावरत होती.

सर चालतच आले. त्यांची सायकल हल्ली कायम पंक्चर असे.

"सर, माझा खडा बघता?"

"तुझा? कधी केलास?"

"जेवणाच्या सुट्टीत. सगळ्यांचं मी बघते, माझं कुणी बघतच नाय. मी नापास हाय का, तेवढं सांगून टाका."

सरांनी हात पुढे केला. "आण. तुझा मीच बघतो."

साणांची घरघर चालूच होती. चांगुणानं काडी त्यांच्या हातात दिली आणि भीतीनं मान खाली घातली.

तिच्या पायाच्या अंगठ्याजवळ, फरशीवर, तिचा हिरवा खडा पडला होता.

तिनं चटकन वर पाहिलं. सांगायला तोंड उघडलं, तोच तिची नजर सरांच्या हाताकडे गेली. सरांनी डोळ्याला भिंग लावलं होतं. टोकाला नुसती लाख उरलेली ती काडी ते खिडकीच्या उजेडात सावकाश फिरवत होते, नेहमीसारखीच, बराच वेळ.

"झकास," सर म्हणाले. "सोमवारी तू परीक्षेला बसायचं. एकेक पैलू कसा लखलखतोय, बघ."