भांडणाची बोहनी

या मंडळी, सरकून जवळ बसा, गोड आख्यान ऐका. कोराडीच्या अंकुशनं बस कुठवर आली ते दाखवणारं ॲप बनवलं. वापरणारे वाढले, जमवलेले पैसे आटले. “पैसे घेणं सुरू कर, नाहीतर ॲप बंद पडते!” भागीदार मेघा बजावायची. “लोक पळतील ना!” अंकुश कचरायचा. एके दुपारी कीर्तनवेड्या शोभाताई दारात! ॲपनं लांब दाखवलेली बस केव्हाच निघून गेली होती अन् त्यांचं काल्याचं कीर्तन हुकलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. “फुकटच्या वस्तूले नावं कशी ठेवू गा?” बटव्यातली दहाची नोट टेबलावर आपटून म्हणाल्या, “हे घे. आता आयक, पोट्ट्या!” आणि काय सरबत्ती सुटली म्हणता! अंकुशचा चेहरा उजळला: भांडायला पैसे मोजणारी पळेल कशाला? “बोहनी झाली!” मेघा ओरडली. त्या दिवसापासून ॲप पैसे घेऊ लागलं, टिकलं अन् बसची वेळही नीट दाखवू लागलं. बस वेळेवर मिळाली, की आमच्या शोभाताईंना आठवा हो!