चौकटीतली पानं

"चौकटी उघडायच्या नाहीत. बघायचं ते काचेवरून बघा," प्रमोदिनी म्हणाली.

श्रीपादराव भिंग पुसता पुसता थांबले. कल्याणला पारनाक्याजवळच्या या घरी त्यांना बोलावलं होतं ते तिच्या थोरल्या दिरांनी, त्र्यंबकरावांनी. दिवाणखान्याच्या भिंतीवर ओळीनं चौकटी लावल्या होत्या. प्रत्येकीत गजेंद्रमोक्षाच्या एका जुन्या पोथीचं एकेक पान. पोथी मुळात मुठीत मावेल एवढीच असणार. मुंबईचा एक शौकीन ती पानं घ्यायला तयार होता; ती अस्सल असल्याचा श्रीपादरावांचा दाखला तेवढा त्याला हवा होता.

ठाण्याच्या श्रीपादरावांचा शब्द या बाबतीत शेवटचा मानला जाई. संग्रहालयातल्या उभ्या नोकरीत त्यांनी खोट्याला खरं म्हटलं नव्हतं, की खऱ्याला खोटं.

काचेचं त्र्यंबकरावांनी मनावर घेतलं नाही. विधवा भावजयीचा हट्ट म्हणून ते हसले. पोथी घरात कशी आली तेही त्यांनीच सांगितलं. प्रमोदिनीचे वडील पोथ्या लिहीत, रंगवीत. घराण्याचंच ते काम. ही पूर्वजांच्या हातची पोथी त्यांनी लेकीला लग्नात दिली. सासऱ्यांना ती इतकी आवडली, की त्यांनी शिवण उसवून पानं चौकटीत बसवली. आल्यागेल्याला दाखवायला बरी.

"मला न विचारता उसवली," प्रमोदिनी म्हणाली. "पोथी माझी होती. पानंही माझीच आहेत. मी ती विकू देणार नाही."

भिंतीवर आहे ते घराचं, असं त्र्यंबकरावांचं म्हणणं पडलं. मग पाहुण्यासमोरच त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. ही बाई कुणाचं ऐकत नाही. सगळे नको म्हणत असताना सुमेधाला, म्हणजे स्वतःच्या मुलीला, हिनं पुण्याला डॉक्टरीला घातलं. चौकटींना वाळवी लागली तेव्हा गड्याला हात लावू दिला नाही. स्वतःच उतरवून, साफ करून पुन्हा लावत बसली.

प्रमोदिनी भिंतीशी उभी राहिली, तिथून हलली नाही.

श्रीपादरावांनी भिंग लावलं. मोहरीएवढी अक्षरं, आणि एक ओळ ढळलेली नाही. पाण्यात ओढल्या जाणाऱ्या हत्तीचा डोळा तिळाएवढा, पण त्यातली भीती स्पष्ट दिसत होती. असा हात आता कुठे राहिलाय, असं त्यांच्या मनात आलं. अशी उसवलेली पानं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी खरं ते लिहून द्यावं आणि पानं परक्याच्या दिवाणखान्यात जावीत, हे दर वेळचंच होतं.

त्यांनी प्रमोदिनीकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही.

"तुम्हाला लिहायचं ते लिहा," ती म्हणाली. "पण मी जिवंत असेपर्यंत ती या घराबाहेर जाणार नाहीत."

श्रीपादरावांनी भिंग खिशात घातलं.

"ही नक्कल आहे," ते म्हणाले.

त्र्यंबकरावांचा विश्वास बसेना. पुन्हा बघा म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, की मुंबईहून दुसरा जाणकार आणवतो आणि म्हातारपणी तुमची नजर गेली असं चारचौघांत सांगतो.

"खुशाल सांगा. मी माझ्या सहीनं लिहून देतो."

त्यांनी कागद मागून घेतला आणि दोन ओळी लिहिल्या. जन्मातलं पहिलं खोटं. खाली ठसठशीत सही केली. त्या कागदानंतर मुंबईचा शौकीन पानांकडे ढुंकूनही बघणार नव्हता.

त्र्यंबकरावांचा सगळा राग भावजयीवर निघाला. म्हणजे तुझ्या बापानं लग्नात आम्हाला फसवलं, असं ते म्हणाले.

"भाऊजी, माझ्या वडिलांबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी कुणालाही फसवलेलं नाही."

श्रीपादरावांनी मान खाली घातली. आपल्या खोट्याचा डाग त्या माणसावर पडेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. हा कचरा उचलून तुझ्या खोलीत ने, असं बजावून त्र्यंबकराव आत निघून गेले.

श्रीपादराव पायरीवर वहाणा घालू लागले. त्यांना हलकं वाटत होतं. या वयात कुणाला तरी ठाम नाही म्हणता आलं होतं. बाईंनी आभार मानावेत असं काही नव्हतं. मानले असते तर बरं वाटलं असतं, एवढंच.

प्रमोदिनी बाहेर आली. तिनं वाकून नमस्कार केला.

"माझं नाव न घेता नुसतं नक्कल म्हणालात, हे उपकार मी विसरणार नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "खरी पानं सुमेधाच्या शिक्षणासाठी मी केव्हाच विकली. ही माझ्या हातची. एवढं फक्त सांगा, माझं चुकलं कुठं?"