बॅटरी भरेपर्यंत

“बॅटरी भरली की निघायचं हं! दादा-वहिनी वाट बघतायत,” बायकोने बजावलं. मेहुण्याच्या घरी जायचं म्हणजे आठवडाभर उपदेश ऐकायचे, हे नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कॅम्पर व्हॅन तळ्याकाठी उभी होती, पुस्तक निम्मं वाचून व्हायचं होतं. त्याने सोलर पॅनल गुपचूप झाडाच्या सावलीत सरकवलं.

दुपार झाली तरी बॅटरी ढिम्म. बायकोने मात्र निवांतपणे दुसऱ्यांदा चहा टाकला. शेवटी त्याचं मनच त्याला खाऊ लागलं. त्याने पॅनल उन्हात आणून ठेवलं, तरी बॅटरीच्या मीटरचा काटा हलेना. वायर चाचपत तो व्हॅनमागे गेला, तर वायरचं टोक कुणीतरी काढून ठेवलेलं.

“अहो, राहू दे ती वायर,” खिडकीतून बायको म्हणाली. “वहिनीला मी कालच कळवलंय, इथे ऊनच पडत नाही म्हणून.”